स्वयंचलित गिअरबॉक्सचें दुखणें कसें ओळखावें



ज्यांत डाव्या पायाला कांहींच काम नाहीं अशा मोटारी आतां आपल्या शहरांतून पुष्कळ दिसूं लागल्या आहेत. पायाला विश्रांति मिळाली हें खरें. परंतु यंत्र बिघडलें म्हणजे मालकाची मति कुंठित होते, हेंही तितकेंच खरें. कारागीर सांगतो, ‘गिअरबॉक्स गेला, नवा बसवावा लागेल’, आणि गृहस्थ निमूटपणें घरांतील शिल्लक मोजूं लागतो. हा निकाल मान्य करण्यापूर्वीं चार गोष्टी कशा पारखाव्या, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. तसेंच येथें इंजिनानें घुसळलेलें तेल गिअरकडील चक्रास फिरवितें. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरानें १९०५ सालीं जहाजांसाठीं मांडली. १९३९ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीनें ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स बाजारांत आणला. तेंच तेल पंपाच्या दाबानें आंतील क्लच आवळतें, वंगण देतें आणि उष्णता वाहून नेतें. म्हणून या यंत्राचीं पुष्कळशीं दुखणीं तेलांतच प्रथम दिसतात. आपल्याकडे २०१४ नंतर स्वस्त मोटारींत रूढ झालेली ‘ए.एम.टी.’ ही मात्र निराळी. तींत साधाच गिअरबॉक्स असून पायाचें व हाताचें काम तेवढें यंत्र करतें. तेलाच्या व कन्व्हर्टरच्या पुढील परीक्षा तिला लावूं नयेत.

वैद्य रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन मार्गांनीं करतात. येथेंही तोच क्रम ठेवावा.

दर्शन तेलाचें. नवें तेल बहुधा तांबडें व स्वच्छ असतें. तें काळें पडून करपल्याचा वास येऊं लागला, तर क्लचच्या चकत्या जळूं लागल्या असें समजावें. तें गुलाबी दुधासारखें दिसलें, तर रेडिएटरमधील पाणी आंत शिरलें. मग गाडी मुळींच पुढें हांकूं नये. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब उतरतो आणि चांगला गिअरबॉक्सही मेल्यासारखा वागतो. पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची वेगळी, आणि कित्येक नव्या गाड्यांना मोजपट्टीच नसते. यास्तव गाडीबरोबरचें पुस्तक आधीं वाचावें.

स्पर्शन म्हणजे गाडीची चाल. ब्रेक दाबून दांडा ‘डी’वर नेल्यावर क्षणभरांत हलका धक्का जाणवावा; तीन-चार सेकंद लागले, तर दाबाविषयीं संशय घ्यावा. चढावर इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं, तर क्लच घसरतो आहे. एकसारख्या वेगांत जातांना खडबडीत रस्ता लागल्यासारखी थरथर आली, तर जाणत्या चालकानें मोकळ्या रस्त्यावर ब्रेक किंचित् दाबून पाहावा. थरथर तत्काळ थांबल्यास कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच संशयित. कारण ब्रेक लागतांच तो सुटतो. न थांबल्यास इंजिनहि तपासावें.

प्रश्न गाडीच्या संगणकाला विचारावयाचा. ‘पी ०७००’ हा आंकडा गिअरबॉक्सच्या नियंत्रकानें तक्रार नोंदविली आहे, एवढेंच सांगतो. तक्रार कोणती, तें सोबतच्या आंकड्यांवरून कळतें. गाडी एकाच गिअरमध्यें अडकून राहिली, तर पुष्कळदां संगणकानेंच रक्षणासाठीं तसें केलेलें असतें. मूळ कारण एखादी तुटलेली तारही असूं शकते.

यानंतर तर्क चालवावा. गाडी पुढें नीट जाते पण मागें जात नाहीं, तर रिव्हर्सचा क्लच किंवा पट्टा आधीं पाहावा. कोणत्याच गिअरमध्यें ती हलत नसेल, तर सर्वांस समाईक असलेल्या वस्तू पाहाव्या: तेल, पंप, गाळणी, दांड्याची केबल.

आमच्या शेजारच्या एका बाई आपल्या मुलाला आठवड्यांतून तीनदां डायलिसिससाठीं गाडीनें नेत. एका वर्कशॉपनें त्यांना नवा गिअरबॉक्स घ्यावयास सांगितलें. दुसऱ्या कारागिरानें गाडीखालीं पाहिलें, तों तेल थंड करणाऱ्या नळीचा सांधा पाझरत होता. सांधा बदलला, तेल भरलें, गाडी चालूं लागली. आणखी महिनाभर तशीच चालविली असती, तर चकत्या जळून पहिला निकालच खरा ठरला असता.

शेवटीं दोन सूचना. बंद पडलेली अशी गाडी चालतीं चाकें जमिनीवर ठेवून ओढून नेऊं नये. इंजिन बंद असतां पंप फिरत नाहीं आणि आंतील भाग वंगणावांचून झिजतात. दुसरें, गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं तेलाची स्थिति, तेलाचा दाब व संगणकाचे आंकडे हें सर्व कारागिराकडून लेखी मागावें. ज्यानें खरोखर तपासलें असेल, त्याला तें लिहून देण्यांत अडचण वाटणार नाहीं.