माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आपलीं मुलें
(ज्युबिली महोत्सवांत पालकांसमोर दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गतकालाबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत, हें उचितच आहे. परंतु जीं मुलें पुढील ज्युबिली साजरी करणार, त्यांच्याविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ती मी शिरसावंद्य मानतों.

आपल्या माजलगाव तालुक्यांतील खेड्यांत मूल ज्या प्राथमिक शाळेंत शिकतें, तेथें गुरुजी त्याला नांवानें ओळखतात, त्याच्या आईबापांनाही ओळखतात. पुढें तेंच मूल माध्यमिक शाळेंत जातें. तेथें तासागणिक शिक्षक बदलतो, विषय वाढतात, वर्गांत अनेक गांवांचीं मुलें असतात. अशा वेळीं कालपर्यंत हुशार असलेला मुलगा गप्प बसूं लागतो, किंवा उगाच भांडूं लागतो. आपण म्हणतों, याचें डोकें चालत नाहीं. बहुधा डोकें ठीक असतें. मन बावरलेलें असतें.

आपल्या बीड जिल्ह्यांत ही अडचण दुप्पट आहे. शाळा जूनमध्यें उघडते. मूल रुळूं लागतें, तोंच दसरा-दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. मूल आईबापांबरोबर गेलें तर चैत्राच्या सुमारास परत येतें. तोंवर वर्ग पुढें गेलेला, मैत्री तुटलेली. एकाच वर्षांत त्याला दोनदां नवखें व्हावें लागतें. दुसऱ्या वेळीं लाज आडवी येते, आणि तें शाळेची पायरीच चढत नाहीं. मुलगी असेल तर पुढें लग्नाचीच बोलणीं सुरू होतात, वय भरो वा न भरो.

आजचे शिक्षणशास्त्रज्ञ ज्यांना सामाजिक व भावनिक कौशल्यें म्हणतात, त्यांचा उपयोग येथेंच आहे. आपल्या मनांत काय चाललें आहे तें ओळखणें, राग व भीति आवरणें, दुसऱ्याचें दुःख जाणणें, मैत्री जोडून वेळेस मदत मागणें, आणि विचार करून निर्णय घेणें, अशीं तीं पांच आहेत. २०११ सालीं २१३ उपक्रमांतील सुमारें २,७०,००० विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. हीं कौशल्यें शिकलेल्या मुलांचें वर्तन तर सुधारलेंच. शिवाय अभ्यासांतही तीं शंभरांत सरासरी अकरा स्थानें पुढें गेलीं.

आपणां कॅथोलिकांना हें सर्वस्वीं नवें नाहीं. रात्रीं विवेकपरीक्षण करणारें मूल स्वतःच्या मनाचा ठाव घेण्यास शिकतें. बारा वर्षांचे प्रभु येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत होते व प्रश्न विचारीत होते. प्रश्न विचारण्यास संकोचणाऱ्या मुलास यापरतें उदाहरण कोणतें? संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) यांच्याकडे तुरीन शहरांत खेड्यांतून कामासाठीं आलेलीं गरीब मुलें येत. १८७७ सालीं त्यांनीं आपली पद्धति लिहून ठेविली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. शिक्षेचा धाक न घालतां मुलाच्या सोबत राहून त्याला चुकण्याआधींच सांवरावें, हें तिचें सार.

मात्र मुलानें सोसावें आणि मोठ्यांनीं स्वस्थ बसावें, असा याचा अर्थ नव्हे. छळ होत असेल तर तो सांगण्याचें धैर्य हेंही कौशल्यच, आणि तो थांबविणें हें आपलें कर्तव्य.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची. पहिली, पालकांनीं संध्याकाळीं किती गुण मिळाले हें विचारण्याआधीं, आज कोणाशीं बोललास, काय अवघड गेलें, हें विचारावें. दुसरी, ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं शक्य तों मुलाला आजीपाशीं वा वसतिगृहांत ठेवावें. न्यावेंच लागलें तर वर्गशिक्षकांस आधीं कळवून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावें, म्हणजे तेथील शाळेंत बसतां येईल. तिसरी, वरच्या वर्गांतील आपल्या प्रत्येक मुलामुलीनें जूनमध्यें एका नवागताचा हात धरावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि चैत्रांत तो परत आला कीं पुन्हां धरावा. त्यास पैसा लागत नाहीं.

महोत्सवाची रोषणाई उद्यां उतरेल. परंतु लाजून दाराशीं उभें राहिलेलें एक मूल आपल्यामुळें वर्गांत जाऊन बसलें, तर ज्युबिली सार्थकीं लागली असें मी समजेन. जिनें हरवलेल्या बाळाला तीन दिवस शोधिलें, ती पवित्र मरिया माता आपल्या मुलांसाठीं विनवणी करो.