विषाचा साक्षीदार कोण?

(अनसिंग येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२ नोव्हेंबर १९३७ रोजी लंडनच्या बीबीसीवरून एक श्रुतिका प्रसारित झाली. लेखिका होत्या अगाथा ख्रिस्ती, श्रुतिकेचं नाव ‘यलो आयरिस’. त्यांचा खाजगी गुप्तहेर हर्क्युल पॉयरो याला फोन येतो. पलीकडून घाबरलेला बायकी आवाज एवढंच सांगतो की जिवावरचा प्रसंग आहे, अमुक उपाहारगृहात या, पिवळी फुलं ठेवलेल्या टेबलापाशी या. पॉयरो जातो. तिथे गाणी चालली आहेत, नाच चालला आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका मेजवानीत सायनाइडने मेलेल्या एका स्त्रीच्या आठवणीसाठी माणसं जमली आहेत. दिवे मालवले जातात आणि पुन्हा लागतात, तेव्हा एक तरुणी टेबलावर डोकं टेकून निपचित पडलेली असते.

त्या काळी श्रुतिका आधी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची पद्धत नव्हती. नट ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून बोलत आणि त्याच क्षणी ते घराघरांत ऐकू येई. म्हणजे विषप्रयोग आणि त्याचा तपास, दोन्ही ऐकणाऱ्याच्या समोर घडत होते. पण ‘समोर’ हा शब्द इथे नीट लागू पडत नाही. श्रोत्याला पेला दिसत नाही, हात दिसत नाही, कोण जागचं उठलं ते कळत नाही. या गोष्टीतला गुन्हेगार अंधारात वाढप्याचं सोंग घेऊन टेबलाशी येतो आणि पेल्यात विष टाकतो. मेजवानीला बसलेल्यांनाही तो दिसत नाही, कारण वाढप्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पॉयरोचं मात्र लक्ष असतं. त्याने त्या तरुणीला आधीच कानात सांगून ठेवलेलं असतं, म्हणून ती पेला तोंडाला लावत नाही, मेल्याचं नुसतं सोंग करते.

ख्रिस्तीबाईंना विषाची माहिती पुस्तकातूनच आलेली नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्की गावच्या रुग्णालयाच्या औषधालयात काम केलं होतं, औषधं स्वतः मापून दिली होती. म्हणून त्यांच्या गोष्टींतलं विष खोटं वाटत नाही.

चाकूला, बंदुकीला साक्षीदार असू शकतो. विषाला बहुधा नसतो. ते दुधात, चहात, औषधात मिसळून येतं आणि बहुतेक वेळा विश्वासातल्या माणसाच्या हातून येतं. न्यायालयही अशा खटल्यात रेडिओच्या श्रोत्यासारखंच बसलेलं असतं. त्याला काही दिसलेलं नसतं. जे सांगितलं जातं, जे लिहून ठेवलेलं असतं, त्यावरूनच ठरवायचं असतं. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीपाशी येणार आहे: विषप्रयोग उघडकीस येतो तो चतुर गुप्तहेरामुळे क्वचित, आणि ज्यांनी वेळच्या वेळी विचारलं व नोंदवलं अशा साध्या माणसांमुळे बहुतेक वेळा.

तुमच्या गावाशी शृंगऋषींचं नाव जोडलेलं आहे. नाव जुळतं म्हणून मला महाभारताच्या आदिपर्वातला दुसरा शृंगी आठवतो, शमीक ऋषींचा मुलगा. बापाच्या गळ्यात परीक्षित राजाने मेलेला साप टाकला म्हणून त्याने राजाला शाप दिला की सात दिवसांत तक्षक नाग तुला डसेल. पुढचं तुम्ही कीर्तनांतून ऐकलं आहे. राजा एका खांबावरच्या महालात जाऊन बसला, भोवती वैद्य, औषधी, पहारा. विष उतरवणारा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाकडे निघाला होता. वाटेत तक्षकाने त्याला गाठलं, एक वड डसून जाळून दाखवला. काश्यपाने तो जसाच्या तसा उभा केला. मग तक्षकाने त्याला भरपूर धन दिलं आणि तो माघारी फिरला. राजाकडे फळं गेली, फळातल्या किड्याच्या रूपाने तक्षक गेला.

या कथेचा पुढचा भाग कीर्तनात सहसा येत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. परीक्षिताचा मुलगा जनमेजय मोठा झाल्यावर मंत्र्यांकडून हे ऐकतो आणि विचारतो: निर्जन रानात तक्षक आणि काश्यप या दोघांत झालेलं बोलणं तुम्हाला कसं कळलं? कुणी पाहिलं? कुणी ऐकलं? सर्पसत्राची, म्हणजे यज्ञात सर्प जाळण्याची, भीषण प्रतिज्ञा त्याने केली ती नंतर. आधी त्याने पुरावा मागितला. मंत्री सांगतात की त्या वडावर एक माणूस वाळकी लाकडं तोडायला चढला होता. झाडाबरोबर तोही जळाला आणि झाडाबरोबर जिवंत झाला. त्याने नगरात येऊन सांगितलं. रानातल्या त्या बोलण्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे सरपणाला गेलेला एक मजूर. ग्रंथात त्याचं नावही दिलेलं नाही.

आता पुराणातून पुण्यात येऊ. १९५६ सालची गोष्ट. शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या श्रीमंत विधवा राहत. त्यांना मधुमेह होता. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्याच वाड्यात भाडेकरू म्हणून राहत आणि त्यांचे वैद्यकीय सल्लागारही होते. १२ नोव्हेंबरच्या रात्री दोघं मुंबईतल्या एका डॉक्टरांना प्रकृती दाखवायची म्हणून पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉ. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं आणि नाव सांगितलं इंदुमती पौनशे. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. सकाळी साडेअकराच्या सुमारास त्या गेल्या.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते एकापुढे एक ठेवून पाहा. स्वतःच्या जवळच्या रुग्णाचं प्रेत त्यांनी ताब्यात घेतलं नाही. नातेवाइकांना कळवलं नाही. बेवारस म्हणून ते प्रेत दहा दिवस पडून राहिलं. २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं, आतड्या-यकृताची रासायनिक तपासणी झाली, विष मिळालं नाही, आणि मधुमेहाच्या मूर्च्छेने मृत्यू असं मत आलं. इकडे पुण्यात बाई जिवंत असल्याची पत्रं येऊ लागली. त्यांनी पुन्हा लग्न केलं, जयपूरकडच्या एका गावी राहतात, असा मजकूर. त्याच वेळी त्यांचे शेअर, बँकेतले पैसे, वस्तू एकेक करून डॉक्टरांच्या हाती जात होत्या.

या प्रकरणात पॉयरो नव्हता. लक्ष्मीबाईंना ओळखणारे काही पुणेकर होते. त्यांना ती पत्रं पटेनात. ही बाई असं करणार नाही, हे त्यांना त्यांच्या ओळखीवरून माहीत होतं. ते अर्ज करत राहिले, पोलिसांकडे गेले, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले. सव्वा वर्षानंतर, मार्च १९५८ मध्ये अटक झाली. मुंबईच्या रुग्णालयात मेलेली इंदुमती म्हणजेच लक्ष्मीबाई, हे छायाचित्रांवरून पटलं. खटला पुण्यात चालला, फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं. मधुमेहाच्या मूर्च्छेची लक्षणं रुग्णालयातल्या नोंदींशी जुळत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. काही विषं शरीरात मागे खूण ठेवत नाहीत. विष मिळालं नाही म्हणून विष नव्हतंच असा निष्कर्ष काढला तर जाणकार गुन्हेगाराला अभय मिळेल. आणि आरोपीचं आधीचं व नंतरचं वागणं जर एकाच दिशेला बोट दाखवत असेल तर ते पुरावा आहे, असा त्या निकालाचा रोख होता. तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी, सरकार यांनी, मात्र वेगळं मत दिलं. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं ते म्हणाले. हे भिन्न मत आजही अभ्यासण्यासारखं आहे.

आता पुण्यातलाच दुसरा खटला. जून १९८२ मध्ये मंजू नावाची एक नवविवाहिता मृतावस्थेत सापडली. पोटात पोटॅशियम सायनाइड मिळालं. इथे विष होतं. पतीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल, आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं म्हणून वकील मंडळी आजही रोज त्याचा आधार घेतात. विषप्रयोगाच्या खटल्यासाठी त्यात चार कसोट्या सांगितल्या: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणं, आणि ते देण्याची संधी. आरोपीजवळ सायनाइड होतं हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही आणि आत्महत्येची शक्यता पुसता आली नाही.

एका खटल्यात विष मिळालं नाही आणि शिक्षा झाली. दुसऱ्यात विष मिळालं आणि सुटका झाली. काही श्रोत्यांना यात न्यायाचा घोळ दिसेल. मला तो दिसत नाही. पहिल्यात वागण्याची साखळी तुटत नव्हती, दुसऱ्यात ती पूर्ण होत नव्हती. जनमेजयाचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे: कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, आणि ते कुठे लिहून ठेवलं आहे?

आपल्याकडे गुप्तहेर म्हटलं की जुन्या पिढीला रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर आठवतात. त्यांच्या पुस्तकांनी गावोगावच्या वाचनालयांत वाचक घडवले, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. प्रत्यक्षातही खाजगी गुप्तहेर आहेत. मुंबईच्या रजनी पंडित यांनी एका खुनाच्या संशयावरून काही महिने मोलकरीण म्हणून त्या घरात काम केल्याचं अनेकदा प्रसिद्ध झालं आहे. पण खाजगी गुप्तहेराला आपल्या देशात अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, पोलिसांसारखा पंचनामा करता येत नाही. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. शिवाय शेताच्या धुऱ्यावर किंवा स्वयंपाकघरात जेव्हा विषाचं प्रकरण घडतं तेव्हा तिथे गुप्तहेर नसतोच. तिथे तुम्ही असता.

आणि आपल्या भागात ही प्रकरणं घडतात. अनसिंगपासून पुसदच्या वाटेला लागलं की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. २०१७ च्या हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं तेव्हा चर्चेत आली. तिथे कुणी कुणाला विष पाजलं नव्हतं, तरी उपचार करताना डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न तोच होता: नेमकं कोणतं औषध, कशात काय मिसळलं? कारण सेंद्रिय फॉस्फरसचं विष असेल तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, घाम सुटतो आणि ॲट्रोपीन द्यावं लागतं. धोतऱ्याचं असेल तर नेमकं उलट: बाहुली मोठी होते, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो. वाटसरूंना गुंगी आणून लुटणारे पूर्वी धोतरा वापरत. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या गोळ्यांच्या विषावर तर उतारा औषधच नाही. तिथे वेळ हाच उपचार.

अशा वेळी घरात काय होतं ते मी पाहिलं आहे. कुणीतरी उलटी धुऊन टाकतं, कारण घाण दिसू नये. बाटली उकिरड्यावर फेकली जाते, कारण पोलीस येतील. डॉक्टरांना सांगितलं जातं की चक्कर आली. अब्रूच्या भीतीने हे घडतं आणि ती भीती मला कळते. पण त्याच अर्ध्या तासात रोग्याचा जीव वाचवणारी माहिती जाते, आणि गुन्हा असेल तर त्याचा पुरावाही जातो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत रुग्णालयाच्या कागदावर पहाटेपासूनच्या नोंदी नसत्या, तर तीन वर्षांनी न्यायालयाजवळ तपासायला काही उरलं नसतं.

तेव्हा तुम्हाला माझी विनंती आहे. रोग्याबरोबर बाटली न्या, लेबलासकट न्या. उलटी झाली असेल तर थोडी स्वच्छ बरणीत ठेवून डॉक्टरांच्या हाती द्या. शेवटचं काय खाल्लं-प्यायलं, कुणी दिलं, त्रास किती वाजता सुरू झाला, हे जवळच्या कागदावर घड्याळ बघून लिहा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. मृत्यू झालाच आणि मनात शंका असेल तर घाईने अग्नी देऊ नका. शवविच्छेदन म्हणजे विटंबना नव्हे. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत जातो आणि तशी प्रयोगशाळा आपल्या विभागात अमरावतीला आहे. नोंद केल्याने कुणावर आरोप होत नाही. उलट निरपराध माणूसही नोंदीने सुटू शकतो.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती करतो. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर ग्रामीण रुग्णालयातल्या एखाद्या डॉक्टरांना आणि एखाद्या परिचारिकेला बोलावा आणि विषबाधेच्या रोग्याची पहिल्या तासात काळजी कशी घ्यायची ते त्यांच्याकडून ऐका. तोवर प्रत्येकाने घरातली फवारणीची औषधं खाण्यापिण्याच्या बाटल्यांतून काढून त्यांच्या मूळ डब्यांत, कुलपात ठेवावी. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे, तो घरातल्या लहान मुलांनाही पाठ करायला लावा.