बेगमपेठचा डास आणि आमचा मोबाईल
(गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)

मागच्या रांगेत मोबाईल बघत बसलेल्या तरुण मित्रांनो! बघत बसलात तरी हरकत नाही, आजचा विषय तोच आहे.

आम्ही काही वक्ते नव्हेत. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. आमचं बोलणं जास्त करून रजिस्टरशी. पण रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर जे जग येऊन पडतं, त्याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं आणि त्याची लाजही वाटत नाही.

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आठवा. ऑफिस केव्हाच सुटलं होतं, पण साहेबांपासून अटेंडरपर्यंत कोणी घरी गेलं नव्हतं. एका टेबलावर एक मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला आणि त्याच्याभोवती पंधरा डोकी. 6 वाजून 4 मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरला. त्या क्षणी इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण 80 लाखांहून अधिक ठिकाणी एकदम चालू होतं म्हणे. चंद्रावरून निघालेला संदेश पृथ्वीवर यायला जेमतेम सव्वा सेकंद लागतो. आमच्या ऑफिसातून साधा मेमो वरच्या मजल्यावर जायला चार दिवस लागतात, ते सोडा.

पण दुसऱ्याच दिवशी काय आलं? चंद्राच्या मातीवर अशोकस्तंभाचे सिंह ठसठशीत उमटलेला फोटो. प्रज्ञान रोव्हरच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह कोरलेलं होतं, हे खरं. तो फोटो मात्र एका तरुणाने संगणकावर केलेलं कल्पनाचित्र होतं. त्याची काही फसवायची इच्छा नसावी, त्याने हौसेने केलं. पुढे पाठवणाऱ्यांनी "कल्पनाचित्र" हा एक शब्द तेवढा वाटेत गाळला. आमच्याकडे तो पाच ग्रुपांतून आला. खऱ्या चांद्रयानाने काढलेला, खड्ड्याखड्ड्यांच्या मातीचा साधा फोटो एकाच ग्रुपमध्ये आला, आणि त्याला कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आता याच्या उलट गोष्ट, आणि ती आपल्या हैदराबादचीच. बेगमपेठेला जुन्या विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे. तिच्यावरून आपण हजारदा गेलो असू. 1897 मध्ये तिथे रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर डास चिरत बसला होता. सिकंदराबादचा ऑगस्टचा उकाडा, आणि पंखा लावायचा नाही, कारण चिरलेला डास उडून जायचा! हुसेन खान नावाचा हिवतापाचा रुग्ण होता. त्याला चावून रक्त प्यालेल्या प्रत्येक डासामागे रॉस त्याला एक आणा देत. 20 ऑगस्टला एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना काळसर ठिपक्यांच्या पेशी दिसल्या, आणि लगोलग दुसऱ्या डासातही. हिवताप डासामुळे होतो, याचा धागा सापडला तो इथे. आज 20 ऑगस्ट हा जगभर मच्छर दिवस म्हणून पाळतात. (आपल्या नाल्यांकडे पाहता आपण तो वर्षभर पाळतो.)

आम्हाला रॉस आवडतात ते पुढच्या गोष्टीसाठी. आनंद त्यांनाही आवरला नाही, त्या भरात त्यांनी कविता केली. पण लेख लिहिला तेव्हा त्याचं नाव ठेवलं साधारण असं: दोन डासांत आढळलेल्या काही चमत्कारिक, रंगकण असलेल्या पेशींविषयी. म्हणजे किती डास, तेही सांगितलं. दोन. शिवाय दुसऱ्या एका लष्करी डॉक्टरला त्या पेशी दाखवल्या आणि त्याचं म्हणणं लेखाला जोडलं. लेख लंडनच्या मासिकात 18 डिसेंबरला आला, चार महिन्यांनी. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी उरलेला धागा जोडला आणि 1902 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज ही बातमी आपल्या ग्रुपवर आली असती तर कशी आली असती, याची कल्पना करा. दहा आश्चर्यचिन्हं आणि खाली "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा".

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नसतं. ऑक्टोबर 2020 मधला तो पाऊस तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. आमचे फोन रात्रभर थांबले नाहीत. "तलाव फुटला" म्हणून एक व्हिडिओ फिरत होता. तो कुठला, केव्हाचा, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यात शहराच्या दक्षिणेकडचे काही लहान तलाव त्या आठवड्यात खरोखरच फुटले, म्हणून अफवा लगेच पटली. आमच्या ओळखीच्या एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजींना मध्यरात्री भर पावसात गच्चीवर नेऊन बसवलं. त्यांच्या गल्लीत पाणी घोट्याच्या वर आलं नाही, आजी मात्र न्यूमोनियाने तीन आठवडे दवाखान्यात होत्या. त्याच रात्री मुसीच्या काठच्या वस्त्यांत पाणी खरंच शिरत होतं, तिथल्या लोकांना मात्र मदतीचा नंबर हवा होता आणि त्यांचे फोन लागत नव्हते.

एक गोष्ट खात्याचा माणूस म्हणून सांगतो. दरवाजे उघडले म्हणजे तलाव फुटला असं नव्हे. तलाव फुटू नये म्हणूनच दरवाजे उघडतात. हे वाक्य मात्र हवं तितकं फॉरवर्ड करा.

मुसीचं नाव निघालं की 1908 आठवतो. 28 सप्टेंबर. हजारो माणसं गेली. त्या पुरामुळेच विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं आणि पुढे 1920 मध्ये उस्मानसागर, 1927 मध्ये हिमायतसागर झाले. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातलं चिंचेचं झाड अजून उभं आहे, त्यावर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. गौलीगुडा, चादरघाट, सुलतान बाजार इथल्या आपल्या जुन्या घरांत विचारलं, तर प्रत्येकाचे पणजोबा त्याच झाडावर होते. सगळ्यांचे धरले तर झाड केव्हाच मोडलं असतं! पण कोणाचे तरी होतेच ना? आणि ते कोणाचे, हे सांगू शकणारी माणसं आता आपल्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मागच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसलेल्या दोन खुर्च्या यंदा रिकाम्या आहेत. त्यातले एक काका आम्हाला म्हणाले होते, "ये कधीतरी घरी, सांगतो पुराचं." आता त्यांचा मुलगा म्हणतो, बाबांच्या ट्रंकेत फोटो आहेत, पण त्यातलं कोण कोण, ते काही माहीत नाही.

म्हणून मंडळाने एक ठरवलं आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच, याच हॉलमध्ये स्कॅनर घेऊन आम्ही काही जण बसणार आहोत. घरचे जुने फोटो, पत्रं, रेशनकार्डं, शाळेचे दाखले, काय असेल ते आणा. शक्यतो ज्यांना आठवतं त्यांनाही बरोबर आणा. आम्ही प्रत्येक कागदासाठी तीनच प्रश्न विचारू: कुठलं, केव्हाचं, तुम्हाला कोणी सांगितलं. उत्तर माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहून घेऊ. आजींना आणायचं असेल तर आधी फोन करा, खाली रिक्षापर्यंत खुर्ची घेऊन पोरं येतील.