बावड्याचा बहिष्कार आणि विद्यापीठाची वाट
(बावडा, तालुका इंदापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठाच्या प्रश्नावर भाषण करावयाचे तर ते पुण्याच्या गणेशखिंडीत करावे, सुमारे दीडशे किलोमीटर दूर नीरेकाठच्या बावड्यात कशाला, असे कोणी विचारील. परंतु महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत कडवट प्रकरण समजून घ्यावयाचे असेल, तर सुरुवात बावड्यापासूनच करावी लागते.

1972 साली या गावात दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार पुकारला गेला. ज्या घराण्यातून त्याची हाक आली, त्यातील एक गृहस्थ त्या वेळी वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात होते, असे त्या काळच्या दलित लेखक-कार्यकर्त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची नग्न धिंड काढण्यात आली. दलितांवरील अत्याचारांची जंत्री मांडणारा एलायापेरुमल समितीचा अहवाल 1970 सालीच संसदेपुढे आलेला होता. या साऱ्याच्या संतापातून 1972 च्या उन्हाळ्यात मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. या संघटनेच्या उभारणीत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील तरुणांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. बावड्याच्या बहिष्काराचा जाब विचारणारी पिढी महाविद्यालयातून आणि वसतिगृहातून आली होती.

बहिष्कार हा शब्द सामाजिक असला तरी त्याचे हत्यार आर्थिक असते. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने 1930 च्या अहवालात हे स्पष्ट नोंदविले. डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्य माणूस सवर्णांच्या जमिनीवर कूळ म्हणून, शेतावर मजूर म्हणून किंवा गावकामगार म्हणून जगत असल्याने, त्याने हक्क मागताच काम बंद, दुकानातील माल बंद, वाट बंद करता येते, आणि हे हत्यार उघड हिंसेपेक्षाही परिणामकारक ठरते, असा त्या निष्कर्षांचा आशय होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मजुरीचा खरेदीदार आणि धान्याचा विक्रेता एकाच गटातले असले, आणि तो गट ठरवून वागू लागला, तर दुसऱ्या बाजूला सौदा करण्याची ताकदच उरत नाही. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेल्या आंबेडकरांना हे समजावून सांगावे लागत नव्हते. 1947 च्या संविधानविषयक निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्काराची व्याख्या करून तो गुन्हा ठरविण्याची मागणी केली होती.

त्यात 1972 चे वर्ष. 1970 पासून दुष्काळाने महाराष्ट्र पोळत होता आणि इंदापूर हा तर मुळातच पर्जन्यछायेतला तालुका. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात खेळू लागले, ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. पण कालवा ज्याच्या बांधावरून गेला त्याचाच तो. सहकारी साखर कारखान्याचा उत्पादक सभासद व्हावयाचे तर ऊस हवा, उसाला पाणी आणि जमीन हवी. महार वतन 1958 च्या कायद्याने संपले, वेठीतून सुटका झाली, हे मोठेच काम झाले. परंतु पोट भरेल एवढी जमीन बहुतेकांच्या हाती तेव्हाही नव्हती आणि नंतरही आली नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि 1960-61 साली ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते असे दाखविले. तो अभ्यास मोलाचा आहे. पण दुष्काळात ज्याला हेतुपुरस्सर काम नाकारले जाते, त्याची उपासमार उष्मांकांच्या तक्त्यात वेगळी दिसत नाही.

अशा माणसाला गावाच्या बाजारातून बाहेर पडण्याचे किती मार्ग होते? एक मुंबईची गिरणी आणि गोदी. दुसरा शिक्षण. गिरणीची वाट 1982 च्या संपानंतर बंद होत गेली. राहिला तो शिक्षणाचा मार्ग. आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली औरंगाबादेत मिलिंदची सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात जेवू घातले आणि ‘कमवा आणि शिका’ची रीत घालून दिली, पुणे विद्यापीठातही ही योजना त्यांच्याच नावाने चालते. दलित विद्यार्थ्यासाठी पदवी म्हणजे मान होताच. पण त्याहूनही अधिक, पाटलाच्या शेतावर न जाता चूल पेटविण्याची ती शक्यता होती.

ही शक्यता ध्यानात घेतली म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला झालेल्या विरोधाचा अर्थ उलगडतो. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाच्या पाटीवर काय लिहावे हा वाद शहरातला. मग आग खेड्यातल्या झोपडीला का लागली? तिथला मुलगा औरंगाबादहून शिकून आला होता, आणि त्याचा बाप पडेल त्या मजुरीवर येईनासा झाला होता, हे त्याचे मोठे कारण आहे. बावड्यात 1972 साली जे हत्यार बहिष्काराच्या रूपाने उपसले गेले, तेच सहा वर्षांनी मराठवाड्यात आगीच्या रूपाने आले.

इथे समाजवादी चळवळीला स्वतःकडेही पाहावे लागते. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने ठामपणे उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी अवमान सोसला. परंतु गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव यांच्यासारखी, निजामाशी झुंजलेली आणि पुरोगामी म्हणून ओळखली जाणारी माणसे विरोधात गेली. त्यांच्या त्यागाबद्दल कोणी शंका घेऊ नये. मराठवाड्याच्या अस्मितेचा त्यांचा मुद्दाही खोटा म्हणता येत नाही. चुकले ते इतकेच की, ज्या प्रदेशाची अस्मिता ते सांगत होते, त्या प्रदेशात गावकुसाबाहेरचा माणूसही राहतो, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे आले नाही. ठराव झाला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला तेव्हाही तेच मुख्यमंत्री होते. मधली सोळा वर्षे लढ्यात गेली. 1993 च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. 2014 साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव फारशी खळखळ न होता मिळाले, त्यामागे या सोळा वर्षांची पुण्याई आहे.

पाटी बदलली, पण वाटेवर नवा नाका बसला होता. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी उसाच्या बिलातून कपात करून काही कारखान्यांनी शाळा-महाविद्यालये उभी केली होती आणि त्यांतून शेतकऱ्यांची मुले शिकली, हे नाकारण्यात हशील नाही. 1983 नंतर मात्र ज्या घराण्यांच्या हाती पाणी, कारखाना आणि बँक होती, त्यांतील अनेकांच्या हाती प्रवेशाचा दरवाजाही आला. मजुराने बाजारातून सुटण्यासाठी जो मार्ग धरला होता, तोच बाजार झाला.

बहिष्काराविरुद्ध कायदा आज आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीने 2016 पासून अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2017 मध्ये अमलात आला. म्हणजे बावड्यानंतर चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांनी! पण शिक्षणाच्या वाटेवर कोणी हाक देऊन बहिष्कार टाकीत नाही. तिथे जागा भरल्या जात नाहीत, एवढेच होते. अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला तरुण तासिका तत्त्वावर शिकवितो. हा तरुण बहुधा त्या वसतिगृहातून आलेल्या पिढीचाच मुलगा किंवा नातू असतो. सुट्टीत त्याला वेतन नाही आणि पुढच्या वर्षी काम मिळेल याची शाश्वती नाही. हंगामी शेतमजुराची आणि त्याची स्थिती मोजायला अर्थशास्त्राची दोन वेगळी प्रकरणे लागत नाहीत.

2024 साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु बावड्याच्या मुलीला पुण्यात राहावयाचे तर शुल्काइतकाच खोलीचा आणि खानावळीचा खर्च अडवितो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिचा पैसा वेळेवर पडत नाही ही विद्यार्थ्यांची नित्याची तक्रार आहे. खानावळवाला मात्र दर महिन्याला मागतो.

तेव्हा पक्षाच्या इंदापूर आणि बारामतीच्या कार्यकर्त्यांनी एक काम अंगावर घ्यावे. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती, याची माहिती अधिकारात नोंद मागावी. गावोगावच्या दलित आणि भूमिहीन वस्त्यांतून बारावी झालेली मुले-मुली किती, त्यांतील पुढे कोण कुठे गेले आणि कोण कारखान्याच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, याची घरोघर यादी करावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांपुढे आणि समाजकल्याण खात्यापुढे मांडाव्यात. हे काम प्रवेश सुरू होण्यापूर्वी, जूनच्या आत व्हावयास हवे. बावड्याची यादी प्रथम व्हावी.