पानाखालचा बेडूक



अकरावीला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून ठेवलेला बेडूक आठवतो? मला सगळ्यात जास्त मार्क त्याच प्रॅक्टिकलला मिळाले होते.

गेल्या वर्षी साप, सरडे, बेडकांचे फोटो काढायला कोस्टारिकाला गेले होते. कॅरिबियन किनाऱ्याकडच्या जंगलात, भर दुपारी, लाल डोळ्यांचा झाडबेडूक पानाखाली झोपलेला दिसला. पाय पोटाशी, डोळे मिटलेले, सगळा हिरवा. बरोबरचे एक जण म्हणाले, "बोट लावा, दचकून डोळे उघडेल."

माझा हात पुढे गेलाही. पण त्याच देशातल्या माँटेव्हर्देच्या डोंगरातला सोनेरी भेक, म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, १९८९ नंतर कुणालाही दिसलेला नाही. ते आठवलं, आपला ट्रेही आठवला. हात मागे घेतला.

अंधार पडेपर्यंत डास मारत थांबले. मग डोळ्यांवरचा सोनेरी जाळीचा पडदा सरकला आणि ते लालभडक डोळे आपणहून उघडले.

पडद्यावर दिसतोय तो फोटो जरा हललेला आहे. बाई, या प्रॅक्टिकलचे मार्क तुम्हीच द्या.