अर्ज कोठे करावेत?



गणिताध्यापकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद मला देताना आपण माझ्या योग्यतेपेक्षा माझ्या वयाचाच अधिक विचार केला असावा. तेव्हा वयाला साजेसा, काहीसा व्यवहारी विषय मी निवडला तर आपण तो गोड मानून घ्याल. शुद्ध गणितात डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी अर्ज कोठे करावेत, हा तो विषय.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका बुद्धिमान विद्यार्थ्याने अमेरिकेतील सहा जगन्मान्य विद्यापीठांकडे अर्ज धाडले. सहांचेही शुल्क वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून भरले, आणि मार्चअखेर सहांचेही नकार त्याच्या हाती आले. जेथे मोजक्या जागांसाठी जगभरचे ऑलिंपियाडवीर दाराशी उभे असतात, तेथे गॅल्वा सिद्धान्ताची तोंडओळखही नसलेल्या मुलाला मी ‘बेलाशक पाठव’ म्हणालो आणि शिफारसपत्रात विशेषणांची खैरात केली. हा कसूर सर्वस्वी माझा. निवडसमितीच्या लेखी विशेषणांना कवडीचीही किंमत नसते; मुलाने कोणते प्रमेय स्वतःच्या वाटेने सिद्ध केले आणि तो कोठे अडला, हे सांगणारे चार ओळींचे पत्र तिला पुरते.

श्रीराम अभ्यंकर १९५१ साली मुंबईची पदवी घेऊन हार्वर्डला गेले, ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु १९५५ साली ते डॉक्टर झाले ते ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली, आणि बैजिक पृष्ठांवरील विशेष बिंदूंच्या निराकरणाचा जो प्रश्न त्यांनी हाती घेतला तो झारिस्कींच्याच परंपरेतला होता, हे सांगावयाचे आपल्या हातून राहून जाते. तेच अभ्यंकर १९६३ पासून इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात होते. बैजिक भूमितीचा ध्यास घेतलेल्या ज्या मुलाने केवळ नावाचा दबदबा कमी म्हणून पर्ड्यू वगळले असेल, त्याने काय गमावले याचा हिशेब आपणच करावा. म्हणून विद्यापीठांच्या क्रमवारीआधी अध्यापकांची नामावली पाहावी: आपल्या शाखेत किती जण कार्यरत आहेत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर कोण आहे, त्यांचे शिष्य किती वर्षांत पदवी घेऊन कोठे रुजू झाले. शिकवण्याच्या मोबदल्यात शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते की नाही, हेही विचारावे; त्यात कमीपणा नाही.

आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था किंवा पुण्याची आयसर यांच्याकडे परदेशी नकारानंतरची तजवीज म्हणून पाहणे मला तरी अविवेकाचे वाटते. नरसिंहन् आणि शेषाद्री, ज्यांचा १९६५ चा सिद्धान्त आज जगभर अभ्यासला जातो, त्या दोघांचीही डॉक्टरेट टाटा संस्थेत राहून मिळवलेली, मुंबई विद्यापीठाची होती.

परदेशी अर्जांच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपापल्या विद्यार्थ्याला घरी बोलवा, त्याची यादी त्याच्यासमक्ष वाचा, आणि जेथे प्रवेशाचा संभव आपणांस दिसत नाही ती नावे स्पष्टपणे खोडा; त्यांपैकी एखादे मात्र, त्याने फारच हट्ट धरला तर, राहू द्या.