दुरुस्तीची थकबाकी



समुद्राकाठच्या वस्तीची वादळात हानी झाली, की तिला निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होण्याची रीत सार्वत्रिक आहे. वारा आणि भरती यांच्यावर मनुष्याची सत्ता चालत नाही, हे खरेच. परंतु वादळानंतर कोणाचे घर किती दिवस अंधारात राहील, हे केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. त्या घराच्या देखभालीवर आधीच्या वीस-तीस वर्षांत काय खर्च झाला, यावर ते ठरते. न्यूयॉर्कमधील एका वसाहतीचा इतिहास याची साक्ष देतो.

त्या शहराच्या क्वीन्स विभागात रॉकअवे नावाची चिंचोळी भूपट्टी आहे. तिच्या एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला जमैका उपसागर. तेथे ओशन बे ही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने उभारलेली वसाहत आहे. इमारती २४, घरे सुमारे १,४००. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ वादळ आले आणि रॉकअवेवर महासागराचे व उपसागराचे पाणी एकमेकांस मिळाले. शहरभर प्राधिकरणाच्या सुमारे ४०० इमारतींतील ८० हजार रहिवाशांची वीज, लिफ्ट, गरम पाणी यांपैकी काही ना काही बंद पडले. भिंती उभ्याच होत्या. निकामी झाली ती तळघरांतील यंत्रे. थंडीत घर उबदार ठेवणारे बॉयलर आणि विजेची उपकरणे तेथेच होती. खारे पाणी ओसरल्यावरही मीठ धातू खात राहते. हिवाळा तोंडावर आला असताना वरच्या मजल्यांवरील वृद्ध व आजारी माणसे जिन्यांमुळे अक्षरशः अडकून पडली. पुढे अनेक वसाहतींत आवारात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या बॉयलरांवर वर्षानुवर्षे दिवस काढावे लागले.

ही यंत्रणा वादळापूर्वीच खिळखिळी झाली होती. त्याचे कारण अर्थव्यवहारात सापडते. १९६९ च्या ब्रुक दुरुस्तीने अमेरिकेतील सार्वजनिक गृहांचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्के झाली. हे तत्त्व सर्वस्वी न्याय्य आहे. मात्र त्याचा अर्थ असा, की भाड्यातून देखभालीचा खर्च निघणार नाही. उरलेला भार सरकारने उचलावा लागेल. भाड्यावरील मर्यादा कायम राहिली, सरकारी अनुदान मात्र आखडत गेले. परिणाम प्राधिकरणाच्या स्वतःच्या आकड्यांत दिसतो. २०११ मध्ये आवश्यक भांडवली दुरुस्त्यांचा अंदाज १६.५ अब्ज डॉलर होता. २०१७ मध्ये तोच ३१.८ अब्जांवर गेला. महागाई जमेस धरली तरी ही वाढ प्रचंड आहे. गळके छप्पर आज दुरुस्त केले नाही, तर उद्या तुळई आणि परवा भिंत दुरुस्त करावी लागते. दुरुस्ती पुढे ढकलण्यास अंदाजपत्रकात काटकसर म्हणतात. वस्तुतः ते कर्ज असते, आणि त्याचे चक्रवाढ व्याज भाडेकरू भरतो. वादळ हा त्या कर्जाचा वसुली अधिकारी.

वादळानंतर मात्र तिजोरी उघडली. मार्च २०१५ मध्ये केंद्रीय आपत्ती निवारण यंत्रणेकडून प्राधिकरणास सुमारे ३ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर झाले. संकट वृत्तपत्रांत झळकल्यावर पैसा मिळतो. रोजच्या देखभालीसाठी मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

ओशन बेचा पुनरुद्धार निराळ्या वाटेने झाला. आपत्तीचा निधी हाती होता, पण जुन्या थकबाकीला तो पुरणारा नव्हता. म्हणून २०१६ च्या अखेरीस एका केंद्रीय योजनेखाली वसाहतीचे व्यवस्थापन दीर्घ भाडेपट्ट्याने खासगी विकासकांकडे गेले. जमिनीची मालकी प्राधिकरणाकडे राहिली. पूर्वीच्या अनुदानाऐवजी दुसऱ्या प्रकारचे, ज्याच्या तारणावर कर्ज काढता येते असे भाडे-अनुदान लागू झाले. एकंदर व्यवहार सुमारे ५६ कोटी डॉलरचा होता. छपरे, खिडक्या, लिफ्ट, स्वयंपाकघरे, न्हाणीघरे नवी झाली. बॉयलर आणि विजेची उपकरणे पुराच्या पातळीच्या वर नेण्यात आली. पूर अडविणाऱ्या भिंती आल्या.

हे काम चांगले झाले. ज्यांच्या छतावर बुरशी होती, त्यांना कोरडे घर मिळाले, आणि भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवरच राहिले. केवळ ‘खासगी’ या शब्दामुळे हे नाकारणे भाडेकरूंवर अन्याय करणारे ठरेल. तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने जानेवारी २०२२ च्या अहवालात दोन वसाहतींत व्यवस्थापन खासगी हाती गेल्यावर घर खाली करविण्याचे प्रमाण वाढल्याची नोंद केली. त्यांतील एक वसाहत ओशन बे होती. कर्जाचे हप्ते भाडेवसुलीवर अवलंबून राहिले, की थकलेल्या भाड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पुरापासून वाचलेले घर भाडे थकल्यामुळे हातचे जावे, यास सुरक्षितता म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायद्याने एक सार्वजनिक विश्वस्त संस्था स्थापन केली. तीही भाडे-अनुदानाच्या आधारे दुरुस्तीसाठी भांडवल उभारू शकते, पण व्यवस्थापन सार्वजनिक राहते. आणि वसाहत या संस्थेकडे सोपवायची की नाही, हे रहिवासी मतदानाने ठरवितात. २०२३ च्या अखेरीस ब्रुकलिनमधील नॉस्ट्रँड वसाहतीने पहिले मतदान करून याच संस्थेची निवड केली. भांडवल उभारण्यासाठी लोकांचे नियंत्रण सोडावेच लागते, या समजास या प्रयोगाने छेद दिला आहे.

मुंबईकराला हा प्रश्न परका नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण देखभाल कोणाच्याच हिशेबात राहिली नाही. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये कायदा करून उपकर बसविण्यात आला आणि दुरुस्ती मंडळ आले. दुरुस्ती ही सामाजिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. निधी आणि निगा मात्र त्या प्रमाणात आली नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्यास ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे नोंदले गेले. अरबी समुद्रातील चक्रीवादळे प्रबळ होत असताना जुन्या इमारतींच्या गच्च्या, पाण्याचे पंप आणि तळमजल्यावरील वीजमापके यांची काळजी आधी घेणे, हे शहाणपणाचे आणि स्वस्तही आहे.

म्हणून किनाऱ्यावरील स्वस्त घरांबाबत तीन मागण्या एकत्रच झाल्या पाहिजेत. दुरुस्तीचा निधी वादळाची वाट न पाहता दरवर्षी बाजूला काढावा. यंत्रे पाण्याच्या वर न्यावीत. आणि त्या घरात राहणाऱ्याचा तेथे राहण्याचा हक्क कोणत्याही कर्जकरारापेक्षा वरचा मानावा. पहिल्या दोन गोष्टी अभियंता आणि हिशेबनीस करू शकतील. तिसरी भाडेकरूंच्या संघटित शक्तीवाचून होणार नाही. आणि ती झाली नाही, तर पहिल्या दोहोंचा लाभ दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडेल.